नाताळाआधी एका माणसाला मंडळीत परत आणा

नगर जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळ्यांतल्या बंधुभगिनींनो, पाळकांनो, फादर आणि सिस्टरांनो, पंचकमिटीच्या सभासदांनो,

तुमच्या गावात असा एक माणूस आहे, जो पूर्वी तुमच्या शेजारी बसून गीत म्हणायचा आणि आता चर्चच्या रस्त्यानं जातही नाही. त्याच्या हातून पाप घडलं आणि ते सगळ्या गावाला माहीत आहे. नाताळ जवळ आला आहे. पुण्या-मुंबईहून मुलं गावी येतील, चर्चला चुना लागेल, चांदणी टांगली जाईल, पेटी-ढोलकी घेऊन तरुणांची फेरी घरोघर निघेल. ती फेरी त्याच्या दारावरून न थांबता पुढं जाते. यंदा असं होऊ देऊ नका. नाताळाआधी त्याच्या घरी जा आणि त्याला परत आणा. मागणं एवढंच आहे, आणि ते तातडीचं आहे.

हा माणूस कोण, हे तुम्हाला सांगायला नको. दारूपायी शेत घालवून बसलेला बाप. नगरच्या जिल्हा कारागृहातून नाहीतर विसापूरहून सुटून आलेला तरुण. लग्नाआधी आई झालेली मुलगी. बायको टाकून दुसरीबरोबर राहिलेला आणि आता एकटा पडलेला पुरुष. मंडळीच्या पैशाचा अपहार केलेला खजिनदार. गर्भ पाडून घेतलेली आणि ते दुःख आयुष्यभर मनात ठेवून जगणारी बाई. नगरच्या वेश्यावस्तीत पोट भरणारी, पण लहानपणी रविवारच्या शाळेत वचनं पाठ केलेली एखादी बहीण.

यांना चर्चच्या दारात कुणी हात धरून अडवत नाही. आपली रीत त्याहून सावकाश चालते. सभासदांच्या यादीतून नाव कमी होतं. प्रभुभोजनाच्या रविवारी पंच मान फिरवतात. ती बाई बाकावर येऊन बसली की शेजारची पदर सावरून सरकते. त्या घराशी सोयरीक करायला कुणी धजत नाही आणि भावाच्या पापापायी बहिणीचं लग्न अडतं. बाळाच्या बाप्तिस्म्याची तारीख पुढं ढकलली जाते. माणूस मेला तरी सुटका नाही. त्याला दफनभूमीत कुठं जागा द्यायची, यावर बैठक बसते. यातल्या कित्येकांनी देवापुढं रडून क्षमा मागितलेली असते. आपल्याला ते कळत नाही, कारण आपण विचारायला गेलेलो नसतो.

मंडळीनं पाप्याला असं वागवावं, हे कुठंच शोभत नाही. पण नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाला तर त्याचा अजिबातच अधिकार नाही. आपण कुठून आलो ते आठवा. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरात सुरू झालं. शहरातले प्रतिष्ठित लोक दूर उभे होते, तेव्हा मिशनजवळ आली ती गरीबखान्यातली आंधळी, लंगडी, रोगानं गांजलेली माणसं, आणि नगरची आरंभीची मंडळी अशा माणसांना घेऊन उभी राहिली. पुढं वडाळा, राहुरी, शेवगावच्या बाजूला हे काम पसरलं. वळण, केंदळ, संगमनेरकडे कॅथलिक धर्मगुरू आले. जी हजारो कुटुंबं ख्रिस्ती झाली, ती बहुतेक महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली होती. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी नव्हतं. देवळाच्या पायरीवर त्यांना पाय ठेवू देत नव्हते. त्यांची सावलीही लोकांना नको होती. १८९९-१९०० च्या दुष्काळात ज्या पोरांना कुणी उरलं नव्हतं, त्यांना मिशनच्या घरांत भाकरी मिळाली आणि नाव मिळालं. त्यांचीच पतवंडं आज पंच आहेत, शिक्षक आहेत, पाळक आणि फादर आहेत. बंद दार कसं असतं हे ज्यांच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, त्यांनी दारात उभं राहून दुसऱ्याची लायकी तपासू नये.

प्रभू येशूवर त्याच्या काळातल्या धार्मिक माणसांनी पुष्कळ आरोप केले. त्यांतला एक त्यानं कधी नाकारला नाही: हा पाप्यांना जवळ करतो आणि त्यांच्या पंगतीला बसतो. लूकच्या पंधराव्या अध्यायात हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि उधळ्या पुत्र अशा तीन गोष्टी त्यानं सांगितल्या, त्या याच आरोपाचं उत्तर म्हणून. यरीहोत जक्कय उंबरावर चढून बसला होता. येशूनं त्याला खाली बोलावलं आणि त्याच्या घरी उतरणार म्हणून सांगितलं. लुबाडलेलं चौपट परत करण्याची भाषा जक्कयानं त्यानंतर केली. हा क्रम पाहा. आपण म्हणतो, आधी सुधार, मग आत ये. प्रभू आधी घरी गेला आणि त्या जाण्यानंच माणूस सुधारला.

उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला मोठा भाऊ आपण फार लवकर विसरतो. त्यानं काहीच उधळलं नव्हतं. तो रोज शेतात राबत होता. पण गोष्ट संपते तेव्हा धाकटा आत जेवायला बसलेला आहे, मोठा अंगणात रागावून उभा आहे आणि बाप त्याचीही मनधरणी करतो आहे. तो आत गेला की नाही, हे प्रभूनं सांगितलेलं नाही. ते उत्तर आपल्यासारख्या नियमानं चर्चला येणाऱ्यांनी द्यायचं आहे.

हे उत्तर आपल्या शेजारी एका बाईनं फार मोठ्या प्रमाणावर दिलं. श्रीगोंद्याची हद्द संपते, भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. तिथलं केडगाव (नगरला लागून असलेलं नव्हे) पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं गाव. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथल्या सिस्टरांनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅममधलं एक घर दाखवलं. समाजानं पतित ठरवलेल्या स्त्रिया तिथं राहत होत्या, कामं शिकत होत्या, आणि पूर्वी त्याच वाटेवर असलेल्या काहीजणी आता आजाऱ्यांची आणि दुबळ्यांची सेवा करत होत्या. संस्कृत शास्त्रं मुखोद्गत असलेल्या त्या विदुषीनं असं कुठं पाहिलं नव्हतं. या बायकांची एवढी काळजी तुम्ही का घेता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरनं त्यांना विहिरीवर भेटलेल्या शमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. पाच नवरे झालेली आणि आता भलत्याच पुरुषाबरोबर राहणारी ती बाई, आणि तिच्याकडं पाणी मागणारा, तिच्याशी देवाबद्दल बोलत बसलेला ख्रिस्त. आपण ख्रिस्ताकडं ओढले गेलो त्याची सुरुवात इथं झाली, असं रमाबाईंनी पुढं आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. वादविवादात त्यांना हरवणारे पंडित त्या काळी थोडे होते. त्यांना जिंकलं ते पतितांना दिलेल्या आसऱ्यानं.

रमाबाईंनी ते इंग्लंडमध्येच सोडलं नाही. केडगावला त्यांनी दुष्काळातल्या मुली आणल्या, विधवा आणल्या, आंधळ्या स्त्रियांसाठी सोय केली. आणि ज्या स्त्रियांना दुसरं कुठलंच घर उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं, त्यांच्यासाठी कृपासदन नावाचं वेगळं घर उघडलं. त्या काळच्या पुण्यात अशा घराला काय काय नावं ठेवली गेली असतील, याचा विचार करा. कुणाच्या बोलण्यानं ते घर बंद पडलं नाही. नगरच्या ख्रिस्ती माणसाला धडा घ्यायला दूर जायची गरज नाही. भीमेचा पूल ओलांडला की पुरे.

दार उघडलं नाही तर काय होतं, याचीही साक्ष आपल्या शहरात आहे. नगरच्या बूथ हॉस्पिटलला ज्या इव्हान्जेलिन बूथ यांचं नाव आहे, त्यांचे वडील विल्यम बूथ १८६५ पासून लंडनच्या पूर्व भागात दारुडे, जुगारी, रस्त्यावरच्या बायका यांच्यात सुवार्ता सांगत होते. तिथून बदललेली माणसं आसपासच्या चर्चमध्ये पाठवली, तर त्यांना तिथं आपलं म्हणून कुणी घेतलं नाही. शेवटी त्यांच्यासाठी वेगळी जागा उभारावी लागली आणि त्यातून मुक्तिफौज जन्माला आली. देवानं त्यातूनही चांगलं केलं. पण त्या चर्चनी काय गमावलं, याचा हिशेब कुणी मांडला आहे का? आपल्या तरुणांनी मंडळी सोडून भलतीकडं आधार शोधला, म्हणून आपण हळहळतो. पडल्यावर त्यांना उचलायला कोण गेलं होतं, हेही विचारू या.

आता आक्षेपांकडे येऊ. ते खरे आहेत आणि मनापासून घेतलेले आहेत.

पहिला आक्षेप शिस्तीचा. सगळ्यांनाच आत घेतलं तर मंडळीत शिस्त कशी राहणार, तरुणांनी काय शिकायचं? शिस्त हवीच. पौलानं करिंथच्या मंडळीला एका उघड पाप्याला दूर करायला सांगितलं होतं. पण त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, शिक्षा भोगलेल्या एका माणसाविषयी तो आर्जवानं कळवतो, की आता पुरे झालं, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. आपण पहिलं पत्र अमलात आणतो आणि दुसरं उघडतच नाही. ज्या शिस्तीला परतीची तारीख नाही, ती प्रेषितानं घालून दिलेली शिस्त नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्याचं नुकसान झालं, त्याचं काय? इथं स्पष्ट बोललं पाहिजे. दयेच्या नावाखाली गुन्हा झाकणं हे दुसरं पाप आहे. जगभरातल्या चर्चमध्ये लेकरांवर अत्याचार करणाऱ्यांना अशाच खोट्या दयेनं पाठीशी घातलं गेलं आणि त्याची किंमत लेकरांनी मोजली. आपल्या देशात २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पाळकालाही, पंचांनाही. मार खाणाऱ्या सुनेला क्षमेचं वचन वाचून दाखवून त्याच घरात परत धाडणं ही दया नव्हे. ज्याला स्वीकारायचं, त्यानं केलेल्या नुकसानीची भरपाई करावी, शिक्षा असेल ती भोगावी, लेकरांजवळच्या आणि पैशांच्या कामापासून त्याला दूर ठेवावं. हे सगळं करूनही त्याला बाकावर जागा देता येते, त्याच्या घरी जेवता येतं, त्याच्यासाठी प्रार्थना करता येते.

कायदा आणि क्षमा एकत्र कशा नांदतात, हे ज्या अहिल्याबाईंच्या नावानं आपला जिल्हा आता ओळखला जातो, त्यांच्या होळकरांच्या मुलखात दिसलं. सिस्टर राणी मारिया इंदूरजवळच्या उदयनगर भागात सावकारी पाशातल्या आदिवासींसाठी झटत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी चालत्या बसमध्ये समंदर सिंह नावाच्या माणसानं त्यांना सुऱ्यानं भोसकलं. तो पकडला गेला, त्याला शिक्षा झाली. मग त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, २००२ मध्ये रक्षाबंधनाला तुरुंगात गेली आणि तिनं त्याला राखी बांधली. त्यांची म्हातारी आईही त्याला भेटली. कुटुंबानं आणि सिस्टरांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आलं, तेव्हा तो तिथं हजर होता. अकरा वर्षं तुरुंगवास झाला आणि क्षमाही झाली. एकानं दुसऱ्याला खोटं ठरवलं नाही.

ही शिकवण आपल्या मातीलाही परकी नाही. नेवाशात पैस खांबाजवळ ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा ज्ञानदेवांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, असं मागितलं. सप्टेंबरात हरेगावला मतमाऊलीच्या यात्रेला जाऊन या. तिथं नाना जातिधर्मांचे लोक येतात आणि तुझं मागचं काय, असं कुणी कुणाला विचारत नाही. यात्रेच्या दिवसांत जे जमतं, ते वर्षभर आपल्या चर्चमध्ये का जमू नये?

म्हणून या मागण्या. प्रत्येक मंडळीनं आणि प्रत्येक धर्मग्रामानं त्या येत्या बैठकीत घ्याव्यात.

पंचांनो, यादीतून कमी केलेली नावं काढून बसा. प्रत्येक नावापुढं लिहा: या माणसाला शेवटचं कोण भेटलं आणि कधी? जिथं उत्तर नसेल, तिथं दोघांनी जायचं. जाताना कागद आणि अटी न्यायच्या नाहीत. बसायचं, चहा प्यायचा, ऐकायचं, जमलं तर प्रार्थना करायची. पुन्हा यायला काय लागेल, हे त्यालाच विचारायचं.

पाळकांनो आणि फादरांनो, अविवाहित आईच्या बाळाचा बाप्तिस्मा आईच्या शिक्षेसाठी अडवून ठेवू नका. जानेवारी २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सिस्टीन चॅपेलमध्ये, चर्चमध्ये लग्न न झालेल्या आईबापांच्या बाळाचा बाप्तिस्मा केला होता. गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार त्यांनी २०१६ मध्ये सगळ्या धर्मगुरूंना कायमचा दिला. हे आपल्या गावातल्या किती बायकांना माहीत आहे? व्यासपीठावरून मोठ्यानं सांगा. जी वर्षानुवर्षं गप्प आहे, ती मागच्या बाकावरून ऐकत असेल.

तरुणांनो, तुरुंगाकडं वळा. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी जवळपास तिघे कच्चे कैदी आहेत. त्यांचा खटला अजून संपलेला नाही. कित्येकांना जामीन मिळूनही जामीनदार मिळत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि अनेक खटले असलेल्यांना ती लागू नाही. घरच्यांना याचा पत्ता नसतो. त्यांना घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १५१०० या क्रमांकावर मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. मुलाखतीच्या दिवशी कैद्याच्या म्हाताऱ्या आईला गाडीभाडं द्या. तो सुटेल त्या दिवशी कारागृहाच्या फाटकाबाहेर मंडळीतलं कुणीतरी उभं असलं पाहिजे. पोप फ्रान्सिस मृत्यूच्या चार दिवस आधी, १७ एप्रिल २०२५ च्या पवित्र गुरुवारी, थकलेल्या शरीरानं रोमच्या रेजिना चेली तुरुंगात कैद्यांना भेटायला गेले. आपल्याला विसापूर लांब वाटू नये.

ज्यांचा बाप, भाऊ, मुलगा दारूत बुडतो आहे, त्यांना मंडळीनं एकटं सोडू नये. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करत आहे. फादर जो परेरा यांचं कृपा फाउंडेशन १९८१ पासून. उपचारांना नेण्यासाठी सोबत हवी, त्या दिवसांत घरी किराणा हवा, आणि तो परत आल्यावर त्याच्या हाताला काम हवं. एवढं मंडळी नक्की करू शकते.

वेश्यावस्तीतल्या बहिणी आणि त्यांची लेकरं यांच्यासाठी स्नेहालय ही संस्था आपल्याच नगरात १९८९ पासून उभी आहे. तिच्याकडं जा आणि काय मदत हवी ते विचारा. ज्या प्रभूच्या पायांवर शिमोनाच्या घरी एका पापी स्त्रीचे अश्रू पडले, त्याच्या नावानं आपण जवळजवळ दोनशे वर्षं इथं राहतो आहोत. या कामात आपण मागच्या रांगेत असणं बरं नाही.

आणखी एक. कर्जत, जामखेड, श्रीगोंदा भागातल्या पारध्यांच्या पालांवर जाल, तेव्हा कुणाला जन्मानं गुन्हेगार समजून जाऊ नका. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींवर तो शिक्का मारला आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. लोकांच्या नजरेतून शिक्का अजून गेलेला नाही. तिथं त्यांच्या पापांची चर्चा करण्याआधी आपल्या नजरेतलं पाप धुऊन जाऊ या.

घाई का, असं कुणी विचारेल. तुरुंगातून सुटलेल्या माणसाचे पहिले काही आठवडे त्याचं पुढचं आयुष्य ठरवतात; त्या काळात जुने साथीदार रोज भेटायला येतात आणि मंडळी येत नाही. दारू सोडलेला माणूस सणाच्या दिवसांत एकटा राहिला की पुन्हा गुत्त्याकडं वळतो. बदनामीनं कोंडलेली मुलगी जिवाचं बरंवाईट करून घेते आणि मग सगळं गाव मयताला हजर होतं. ज्यांना आपण पुढच्या वर्षी, पुढच्या बैठकीत, पुढच्या पाळकांच्या काळात परत घेऊ म्हणतो, त्यांतले काही तोवर उरलेले नसतात.

म्हणून येत्या रविवारी उपासना संपली की उठून जाऊ नका. दोघं-तिघं एकत्र बसा आणि एक नाव ठरवा. मोठी योजना नको, समिती नको, ठराव नंतर होईल. त्याच आठवड्यात संध्याकाळी त्याच्या घरी जा. त्यानं पहिल्यांदा दार उघडलं नाही, तर पुन्हा जा. आपण त्याला बरीच वर्षं विसरलो होतो, त्याला थोडे दिवस लागतील. नाताळाच्या फेरीत त्याच्या दारापुढं थांबा आणि त्याच्या अंगणात गाणं म्हणा. २५ डिसेंबरच्या सकाळी त्याला घरून बरोबर घेऊन या, आपल्या बाकावर आपल्या बायकामुलांबरोबर बसवा, आणि उपासनेनंतर त्याला आपल्या घरी जेवायला न्या. आजच नाव ठरवा.